हाताचं की कानाचं?

(दुबई येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या नानांचं पूर्ण नाव पत्रिकेवर छापलेलं आहे. पण गेली वीस वर्षं मी त्यांना त्या नावाने कधी हाक मारली नाही, तेव्हा आजही नानाच म्हणतो. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या शारजातल्या घरी शुक्रवारची जेवणं जेवलेली आहेत. उरलेल्यांसाठी दोन शब्द सांगतो. नाना १९७७ साली इथे आले. टर्नर होते. शारजातल्या एका वर्कशॉपमध्ये जवळपास चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले. पंपाचे शाफ्ट, बुश, कपलिंग अशी कामं करायचे. त्यांचा मायक्रोमीटर एका पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा आणि निवृत्त झाल्यावरही ते फडकं घरच्या टेबलाच्या खणात पहिल्या जागेवर होतं.

शुक्रवारी जेवणं झाली की गप्पा सुरू व्हायच्या. रुपया, जागांचे भाव, व्हिसाचे नियम, कुठला फोन चांगला, कुठली कंपनी माणसं काढतेय, पोरांनी पुढे काय शिकावं. कुणी काही ठासून सांगितलं की नाना शांतपणे विचारायचे, "हे हाताचं, की कानाचं?" म्हणजे तू स्वतः केलंयस, मोजलंयस, की ऐकलंयस? समोरचा ओशाळून "कानाचं" म्हणाला तर त्याला गप्प करायचे नाहीत. "चालेल, पण मग कानाचं म्हणूनच सांग," एवढंच म्हणायचे.

संयोजकांनी मला विषय निवडायला सांगितला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. मी प्रोग्रॅमर आहे. माझ्याभोवती दिवसभर तंत्रज्ञानाबद्दल, पैशाबद्दल, प्रोग्रॅमिंगबद्दल मतं वाहत असतात. चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये आणि सगळ्यांत जास्त फोनवर. त्यांतली कितीतरी माझी स्वतःची असतात. त्या सहज बोललेल्या मतांचं पुढे काय होतं, त्याची किंमत कोण भरतं, यावर आज बोलायचं आहे. सुरुवात माझ्यापासून करतो, कारण हे पहिलं प्रकरण माझ्या हातचं आहे.

७ डिसेंबर २०२१, मंगळवार. दुपारी बातमी आली की १ जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी बदलणार. शुक्रवार-शनिवार जाऊन शनिवार-रविवार येणार, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काम, आणि जुम्म्याची नमाज देशभर सव्वाला. हातात पंचवीस दिवस. मी तेव्हा पगार आणि रजांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. खासगी मालकांना बदल सक्तीचा नव्हता, पण सगळे सरकारच्या मागोमाग जाणार हे दिसतच होतं. अर्ध्या तासात ग्राहकांचे फोन सुरू झाले. विक्री बघणारा सहकारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "किती वेळ लागेल?" मी मान वर न करता म्हणालो, "एका ओळीचा बदल आहे. उद्या संध्याकाळी देतो."

त्याने ते वाक्य तसंच ग्राहकांना कळवलं. मी जे बोललो तो अंदाज होता. त्याच्याकडून गेलं तेव्हा ते आमच्या कंपनीचं वचन झालं होतं.

आता ती एक ओळ बघू. कोडमध्ये सुट्टीचे वार एका यादीत लिहिलेले होते, ती ओळ खरंच होती. पण पडद्यावर कॅलेंडर दाखवणाऱ्या भागात रविवार म्हणजे शून्य धरतात, म्हणून शुक्रवार-शनिवार म्हणजे ५ आणि ६. डेटाबेसच्या भागात रविवार म्हणजे एक, म्हणून तेच दोन वार ६ आणि ७. एका ठिकाणचा ६ शनिवार, दुसऱ्या ठिकाणचा ६ शुक्रवार. हिशेबनीस लोक एक्सेलमध्ये कामाचे दिवस मोजायला जे सूत्र वापरतात त्यात शुक्रवार-शनिवारचा सांकेतिक आकडा ७ आणि शनिवार-रविवारचा १. आणि कुणीतरी, कधीतरी, घाईत, 'शुक्रवार असेल तर' असं सरळ लिहून ठेवलेलं. मी शोधायला बसलो तेव्हा अशा जागा डझनाच्या पुढे निघाल्या.

त्यातली एक जागा बघून मी थांबलो. एका जुन्या फाइलमध्ये एक अट होती, सप्टेंबर २००६ च्या आधीच्या तारखांना वेगळी वागणूक देणारी. इथे माझ्याहून जुने लोक आहेत, त्यांना आठवेल. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. २००६ साली ती शुक्रवार-शनिवार झाली. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या कुणा माणसाने तो बदल पचवला होता आणि जुन्या नोंदी जुन्याच नियमाने मोजल्या जाव्यात याची काळजी घेतली होती. मी ती फाइल उघडलीच नव्हती. उघडण्याआधीच 'एक ओळ' म्हणून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शब्द दिला म्हणून, आम्ही एका ग्राहकाकडे नवा बदल चढवला. प्रोग्रॅमने जुन्या रजाही नव्या सुट्टीप्रमाणे पुन्हा मोजल्या. समजा, कुणी २०१९ मध्ये बुधवार ते शुक्रवार रजा टाकली असेल. तेव्हाच्या हिशेबाने ती दोन दिवसांची, कारण शुक्रवार सुट्टीचाच. नव्या हिशेबाने तीन दिवसांची झाली. त्या कंपनीत रत्नागिरीकडचे एक मेकॅनिक कायमचे गावी निघाले होते. शिल्लक रजांचे पैसे त्यांच्या शेवटच्या हिशेबात धरायचे होते, आणि प्रोग्रॅम त्यांच्या रजा कमी दाखवत होता. तिथल्या हिशेबनीस बाई केरळच्या होत्या. त्या संगणकाच्या जोडीला हाताने लिहिलेलं रजिस्टर ठेवायच्या. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून आम्हाला फोन केला. त्या बाईंचं रजिस्टर नसतं तर तो माणूस कमी पैसे घेऊन विमानात बसला असता, आणि का कमी ते त्याला कधी कळलंही नसतं.

काम ३० डिसेंबरच्या रात्री पुरं झालं. त्यात कोड लिहिण्याचा वेळ कमी आणि माणसांना विचारण्याचा जास्त होता. शुक्रवारी रजा घेतली तर ती अर्धी धरायची की पूर्ण? एका मालकाचं उत्तर एक, दुसऱ्याचं दुसरं. शारजाने तर पाठोपाठ शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी जाहीर केली होती. शेवटी आम्ही सुट्टीचे वार कोडमधून काढले आणि तारखांसकट एका तक्त्यात ठेवले. अमुक तारखेपर्यंत हा नियम, अमुकपासून तो. पहिल्या दिवशी हे सुचायला हरकत नव्हती.

नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "एक ओळ म्हणालास, तेव्हा ती ओळ बघितली होतीस?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग ते कानाचं होतं. स्वतःच्याच कानाचं."

हे मला आजही बोचतं. विषय माझ्या धंद्यातला होता, वीस वर्षं मी तेच करतोय, आणि तरी मी ऐकीव बोललो. मी मागे कधीतरी केलेल्या कामाची आठवण आजच्या कामाचा अंदाज म्हणून पुढे केली. अडाणी माणूस सहज काही बोलला तर ऐकणारा निम्मं सोडून देतो. जाणकार सहज बोलला तर ऐकणारा ते खिशात घालून चालू लागतो. म्हणून ज्याला एखाद्या विषयातलं खरोखर कळतं, त्याच्या जिभेवर जास्त जबाबदारी आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता पैशाकडे येतो. १ फेब्रुवारी २०२० हा शनिवार होता. तेव्हा इथे शनिवारची सुट्टी होतीच, त्यामुळे आपण बहुतेक सगळे घरी, टीव्हीसमोर. निर्मला सीतारामन यांचा अर्थसंकल्प चालू होता. वित्त विधेयकात एक कलम आलं. जो भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याही देशात रहिवासाच्या नात्याने कर भरायला बांधील नाही, त्याला भारताचा रहिवासी मानलं जाईल. इथे पगारावर कर नाही. म्हणजे आपण सगळे त्या वाक्यात बसत होतो. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोनवर एकच वाक्य फिरत होतं: आखातातल्या पगारावर भारतात तीस टक्के कर.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने त्या रात्री पुण्यातल्या फ्लॅटचं बुकिंग मोडायचं ठरवलं. इसाऱ्याचे पैसे बुडाले तरी चालतील, पण हप्ते झेपणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. रात्री साडेअकराला वहिनी फोनवर रडत होत्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अर्थ मंत्रालयाचा खुलासा आला की आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तिथल्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही. पुढे कायदा झाला तेव्हा त्यात भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असण्याची अट आली.

पण त्या रात्रीची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. विधेयकातले शब्द खरोखरच व्यापक होते. ज्यांनी ते वाचले त्यांना शंका येणं रास्त होतं. त्या रात्री आमच्यातल्या एकाच माणसाने कलम मुळातून वाचलं होतं, ते म्हणजे पुण्यातले एक सीए, आमच्या एका मित्राचे भाऊ. त्यांनी लिहिलं होतं, 'शब्द व्यापक आहेत, अर्थ दोन्हीकडे लागतो, खुलासा येईपर्यंत कुणीही पैशाचा निर्णय घेऊ नये.' तो निरोप मी नंतर मुद्दाम शोधला. तो कुणीही पुढे पाठवला नव्हता. तीस टक्केवाला मात्र मला एकाच संध्याकाळी अकरा जणांकडून आला.

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या वाक्याला 'मला वाटतं', 'बहुतेक', 'मी वाचलं नाही, पण' अशी एक शेपटी असते. बोलणारा बहुधा प्रामाणिक असतो. पण वाक्य पहिल्या हातातून दुसऱ्या हातात जाताना सगळ्यांत आधी ती शेपटी गळते. तिसऱ्या हाताला पोचतं ते बिनशेपटीचं, ठाम, छापील वाटणारं वाक्य. आणि ज्या निरोपाचा सगळा अर्थच त्या 'बहुतेक'मध्ये असतो, तो हलतच नाही, जागच्या जागी राहतो. सीएसाहेबांच्या निरोपाचं तेच झालं.

रुपयाबद्दल तर आपल्यात प्रत्येकाचं मत असतं, आणि ते असणारच, कारण आपलं अर्धं आयुष्य त्या आकड्यात अडकलेलं आहे. बर दुबईत एक्स्चेंजच्या दारावरच्या लाल आकड्यांकडे बघितल्याशिवाय आपण पुढे जात नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत घसरत २८ तारखेला डॉलरला ६८.८ पर्यंत गेला. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे दिरहमला साधारण १८ रुपये ७० पैसे. तेव्हा सगळीकडे एकच बोललं जात होतं: थांबा, वीस होणार. माझे एक सहकारी ठाण्यातल्या घराच्या हप्त्याचे पैसे हातात घेऊन थांबले. ऑक्टोबरमध्ये रुपया सावरला आणि दर सतराच्याही खाली आला. दर दहा हजार दिरहमांमागे जवळजवळ एकोणीस हजार रुपये गेले, शिवाय उशिराचं व्याज वेगळं. वीसचा आकडा आला, नाही असं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात आला, पाच वर्षांनी. म्हणजे मत बरोबर होतं आणि ते ऐकणारा बुडाला. कधी, हे त्या मतात नव्हतं, आणि हप्त्याला तर तारीख असते.

ज्यांना हा खेळ अलीकडचा वाटतो त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. या किनाऱ्यावर एके काळी रुपयाच चालायचा. १९५९ पासून भारताची रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढायची. ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. त्यानंतर इथल्या अमिरातींनी रुपया सोडला. दुबईत कतार-दुबई रियाल आला, आणि १९७३ च्या मे महिन्यात दिरहम. आपण आज 'दिरहम वधारला' म्हणतो तेव्हा दिरहम डॉलरला बांधून स्थिर उभा असतो, हलतो तो रुपया. एवढं जरी गप्पांमध्ये स्पष्ट राहिलं तरी निम्मे चुकीचे अंदाज आपोआप कमी होतील.

आणि मतं शिळीही होतात. 'भारतात बाहेरून येणारा सगळ्यांत जास्त पैसा आपल्या अमिरातीतून जातो' हे आपण अभिमानाने सांगतो. २०१६-१७ ला ते खरं होतं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत अमिरातीचा वाटा २६.९ टक्के आणि अमेरिकेचा २२.९ होता. २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिका २७.७ वर गेली आणि आपण १९.२ वर आलो.

इतकं बोलल्यावर कुणाला वाटेल, हा माणूस गप्पा बंद करायला निघालाय. अजिबात नाही. परमुलखात गप्पा म्हणजे घर असतं. साध्या व्हॉट्सॲपवरून इथून फोन लागत नाही, आईशी बोलायला बॉटिमसारखं ॲप उघडावं लागतं, अशा ठिकाणी राहणारी माणसं आपण. इथल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पमध्ये बारा तासांची पाळी करून आलेला मुलगा रात्री फोनवर 'आता सोनं घ्यावं का रे?' असं विचारतो. त्याला सोन्याचा भाव हवा असतो, आणि त्याहून जास्त कुणीतरी बोलायला हवं असतं. त्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन भागत नाही. माझं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. पारावर बसून माणसं पावसावर, पिकावर, सरकारवर जी बोलायची त्यातूनच मी जगाकडे बघायला शिकलो. पण पारावर बोलणारा कोण, त्याची जमीन किती, त्याने कुठलं पीक घेतलंय, हे ऐकणाऱ्याला माहीत असायचं. त्याच्या वाक्याला त्याचा सगळा इतिहास चिकटलेला असायचा. फोनवर ते राहत नाही. वाक्य येतं, माणूस येत नाही.

या देशात अफवांविरुद्ध कडक कायदा आहे. २०२१ चा ३४ क्रमांकाचा फेडरल हुकूम, २ जानेवारी २०२२ पासून लागू. खोटी बातमी पसरवणाऱ्याला तुरुंगवास आणि मोठा दंड आहे, आणि संकटाच्या काळात तो आणखी वाढतो. आपल्यातल्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा. पण त्या सीएसाहेबांनी 'अर्थ दोन्हीकडे लागतो' असं लिहिलं ते हा कायदा येण्याआधी, आणि भारतात बसून; त्यांना या कायद्याची भीती नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर वाचणारा माणूस होता.

आता आपल्या मुलांविषयी थोडं. गेल्या दोन-तीन वर्षांत बारावीची मुलं असलेल्या प्रत्येक घरात एक वाक्य पोचलंय: 'आता कॉम्प्युटरला घालू नका, कोडिंग संपलं, सगळं एआय करतं.' ज्या देशाने २०१७ साली जगात पहिल्यांदा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मंत्री नेमला, ओमर सुलतान अल ओलामा, वय तेव्हा सत्तावीस, ज्या देशात अबुधाबीला या एकाच विषयाला वाहिलेलं विद्यापीठ २०१९ पासून आहे, तिथे राहून आपण मुलांना हे सांगतो. ते चूक की बरोबर, हे मला आज कळत नाही. माझ्या हातचं जेवढं आहे तेवढं सांगतो.

मैत्रिणीची मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. मी मत दिलं नाही. दोन संध्याकाळी तिला शेजारी बसवलं आणि तोच सुट्टीचा प्रश्न एआयपुढे ठेवला. अमिरातीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वीस वर्षांच्या रजांचे दिवस मोजणारा प्रोग्रॅम लिही. त्याने मिनिटभरात लिहून दिला. वळणदार, नीटस, माझ्यापेक्षा चांगला. सगळ्या तारखांना शनिवार-रविवार लावून. मग मुलीने मला विचारलं, "काका, पण आधी शुक्रवार होता ना सुट्टी?" ती इथेच जन्मली, शाळेचे शुक्रवार तिला आठवत होते. तिने ते यंत्राला सांगितलं, त्याने लगेच दुरुस्त केलं. मग तिने आजोबांना फोन लावला. त्यांच्याकडून तिला २००६ च्या आधीचे गुरुवार कळले. तेही तिने सांगितलं, तेही त्याने दुरुस्त केलं. एकदाही कुरकुर न करता. कोडची तिने एक ओळही लिहिली नाही, आणि तरी तिच्याशिवाय तो हिशेब चुकला असता. तिने पुढे काय निवडलं ते तिचं तिने सांगावं.

या यंत्रांच्या पोटात आपणच लिहिलेलं आहे, हेही लक्षात ठेवू या. अबुधाबीत अरबीसाठी २०२३ मध्ये जे मॉडेल झालं त्याला जैस नाव दिलं, इथल्या सर्वांत उंच डोंगराचं. हिंदीसाठी पुढच्या वर्षी आलेल्याला नंदा, नंदादेवीवरून. उद्या कुणी मराठीसाठी मनापासून असं काही करून त्याला कळसूबाईचं नाव दिलं तर मला फार आनंद होईल. पण ते शिकणार कशावर? आपण मराठीत लिहून ठेवलेल्या मजकुरावर. इंग्रजीत एक चुकीचं वाक्य हजार बरोबर वाक्यांखाली दबून जातं. मराठीत मजकूरच थोडा, त्यामुळे आपलं एकेक वाक्य जड आहे. आपण सहज टाकलेलं ठाम वाक्य उद्या कुणाच्या तरी नातवाला उत्तर म्हणून मिळेल. मला हे भीतीदायकही वाटतं आणि उमेद देणारंही, कारण नीट लिहिणारे शंभर लोक मिळाले तरी आपल्या भाषेत फरक पडू शकतो.

शेवटी पावसाबद्दल, कारण त्या प्रकरणात नाना स्वतः आहेत.

१६ एप्रिल २०२४. विमानतळ पाण्याखाली, शेख झायेद रस्त्यावर गाड्या तरंगताहेत. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलीमीटर पाऊस. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही, असं हवामान केंद्राने सांगितलं. ज्या देशात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलीमीटर पडतो, तिथे. दुपार संपायच्या आत जगभर एक मत पसरलं होतं: हे क्लाउड सीडिंगमुळे झालं, विमानातून मीठ फवारलं आणि आभाळ फाटलं. आपल्याकडेही तेच. मला पुण्याहून, न्यू जर्सीहून निरोप आले, "तुमच्याकडे प्रयोग फसला म्हणे."

या विषयात माझ्या गावाचा थोडा संबंध आहे. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला याचाच शास्त्रशुद्ध प्रयोग केला. विमानं आमच्या डोक्यावरून जायची. फवारलेले ढग आणि न फवारलेले ढग शेजारी ठेवून तुलना केली, आणि निष्कर्ष निघाला तो असा की वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी वाढला. अठरा टक्के दुष्काळी तालुक्याला थोडे नाहीत. पण मुळात ढग हवा. असलेल्या ढगातले बारीक थेंब मिठाच्या कणांभोवती मोठे होतात, इतकंच. नसलेलं वादळ त्यातून उभं राहत नाही. एप्रिलमधलं वादळ तर आदल्या दिवसांत ओमानवर कोसळलं होतं, शाळकरी मुलांसह माणसं गेली होती, आणि हवामानाच्या अंदाजात ते आधीच दिसत होतं. इथल्या राष्ट्रीय हवामान केंद्रानेही सांगितलं की त्या वादळात फवारणी केलेली नव्हती. आणि आपण महाराष्ट्रातली माणसं! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला तेव्हा कुठलं विमान उडालं होतं?

नानांच्या इमारतीखाली कमरेएवढं पाणी होतं. लिफ्ट बंद, वीज जाऊन येऊन. मुलगा ऑफिसात अडकलेला. मी फोन केला आणि सीडिंगबद्दल ऐकलेलं सगळं सांगितलं, त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. मी डबा ठेवलाय." सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा घेऊन ते चार जिने चढून गच्चीवर गेले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, भर पावसात. रात्री पट्टी घालून मोजलं, आणि वहीत लिहिलं. मी आकडा विचारला. सांगितला, पण लगेच म्हणाले, "कुणाला पाठवू नकोस हां. एका बाजूला पाण्याची टाकी आहे, तिचा आडोसा झाला असणार."

या जानेवारीत नाना गेले. महिन्याभराने त्यांच्या मुलाने ती वही मला आणून दिली. चाळीस पानी, शाळेची, निळ्या कव्हरची. तिच्यात शाफ्टची मापं आहेत, विजेच्या मीटरचे आकडे आहेत, नातवाची दर वाढदिवसाची उंची आहे. १६ एप्रिलच्या पानावर पावसाचा आकडा आहे. तो मी तुम्हाला सांगत नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. त्याखाली त्यांनी पेन्सिलने लिहिलंय: 'टाकीचा आडोसा. कमी आलं असेल, किती ते माहीत नाही.' आणि त्याच्याही खाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेने: 'पुढच्या पावसात डबा गच्चीच्या मधोमध. दोन डबे ठेवणे.'